बटण बटणासारखं दिसू द्या!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा एका कंपनीशी नाही, एका फॅशनशी आहे. घरातली जी भाचे-पुतणे मंडळी संगणकाच्या धंद्यात आहेत त्यांनी हे आवर्जून वाचावं, कारण थोडं भांडण त्यांच्याशीही आहे.

गेल्या बारा-तेरा वर्षांत संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरून कुणीतरी कडक इस्त्री फिरवली आहे. पूर्वी पडद्यावरचं बटण उठून दिसायचं. वरची कड उजळ, खालची गडद, आणि दाबलं की आत गेल्यासारखं वाटायचं. लिहायची जागा म्हणजे खोलगट चौकट असायची. पान खाली सरकवायची पट्टी उजव्या हाताला जाडजूड उभी असायची. आता सगळं सपाट. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं. त्यातला कोणता शब्द नुसता वाचायचा, कोणत्या शब्दावर टिचकी मारायची आणि कुठे लिहायचं, हे ओळखायला पत्रिका मांडावी लागते. सरकपट्टी तर लपूनच बसते, त्यामुळे खाली अजून काही आहे हेच कळत नाही. ह्याला म्हणे 'फ्लॅट डिझाइन' म्हणतात आणि ते म्हणे स्वच्छ असतं. स्वच्छ तर कोरी पाटीही असते!

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "काकू, तुमच्या वयाला बदल नको असतो." हे मला साफ नामंजूर आहे. बदल पचवायचं आमच्या पिढीला कुणी शिकवू नये. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. पाठोपाठ शेर गेले, किलो आले. मैल गेले, किलोमीटर आले. दौत-टाक गेला, शाईचं पेन आलं, मग बॉलपेन आलं, आणि निवृत्तीनंतर कळफलक आला. हा मजकूर मी स्वतःच्या हाताने टंकते आहे. तेव्हा प्रश्न बदलाचा नाहीच. तो कसा करतात, ह्याचा आहे.

त्या नाण्यांचंच बघा. नव्या पैशाला मुद्दाम 'नया पैसा' असं नाव दिलं, म्हणजे जुन्या पैशाशी गफलत होऊ नये. ते 'नया' काढलं १ जून १९६४ ला. तब्बल सात वर्षांनी! मधल्या काळात जुनी आणे-नाणीही बाजारात चालत होती. आणि नाण्यांचे आकार आठवा: पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी कडेचे, पुढे १९६४ मध्ये आलेले तीन पैसे षटकोनी. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला वाचता येत नसलं तरी कनवटीला हात घालून न बघता ती बरोबर नाणं काढायची. तिच्यासाठी आकार हीच अक्षरं होती. ज्याने ती नाणी आखली त्याने तिचा विचार केला होता.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. २०१६ नंतर आलेल्या नव्या नोटांचे आकार बदलले, आणि बोटांनी मापून नोट ओळखणाऱ्या दृष्टिहीन माणसांची पंचाईत झाली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारं 'मनी' हे ॲप काढलं. म्हणजे आधी हातातली खूण काढून घ्यायची आणि मग ती भरून काढायला मोबाइल द्यायचा! पडद्यावर नेमकं हेच चाललं आहे.

थोडा इतिहास सांगते, म्हणजे माझं म्हणणं नुसती कुरकुर वाटणार नाही. ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला तेव्हा पडद्यावर कागद, फायलीचं पाकीट आणि कचऱ्याची टोपली ही चित्रं होती. त्याआधी १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' ह्या संगणकाने टेबलाची कल्पना बाजारात आणली होती. विचार साधा होता: माणसाला जे आधीच ओळखीचं आहे त्याच्या आधाराने नवीन शिकवायचं. आम्ही वर्गात दुसरं काय करत होतो? २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' असं लिहिलेलं उठावदार बटण आलं. सुरुवात कुठून करायची? तर जिथे 'सुरू' असं लिहिलं आहे तिथून. ह्याहून सोपा धडा मी तरी पाहिला नाही.

मग मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये आपल्या फोनवर सपाट रंगीत चौकोन आणले आणि २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ मधून तेच संगणकावर आणले. स्टार्टचं बटण गायब! संगणक बंद करायचा तर मूषक उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक लपलेली पट्टी बाहेर काढायची, तिच्यात 'सेटिंग्ज' शोधायचं आणि त्याच्या पोटात 'पॉवर'. कोपऱ्यात असं काही दडलं आहे ह्याची पडद्यावर एकही खूण नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपलचं आयओएस ७ आलं आणि तिथलीही बटणं जाऊन नुसते रंगीत शब्द उरले. मोठ्यांनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांनी री ओढली. आज बँका, रेल्वे, वीजबिल, सगळीकडे तीच इस्त्री.

आता ह्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आधीच्या काळात अतिरेक झालाच होता. दिनदर्शिकेला खोटं चामडं, त्याला खोटी शिवण, पुस्तकांना खोटी लाकडी फळी... एवढा शृंगार कुणी मागितला नव्हता. शिवाय लहान-मोठ्या अनेक आकारांच्या पडद्यांवर एकच मांडणी बसवायची तर सपाट चित्रं सोयीची पडतात, हेही खरं. पण नक्षी वेगळी आणि कडी वेगळी. दारावरची वेलबुट्टी काढा, माझी हरकत नाही. तुम्ही तिच्याबरोबर कडी-कोयंडाही काढलात! आता दार कुठलं आणि भिंत कुठली? डॉन नॉर्मन ह्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८८ मध्ये रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा असाच आहे, की ढकलायचं का ओढायचं हे दाराकडे बघूनच कळायला हवं. नाही कळलं, तर दोष आखणाऱ्याचा.

त्याच नॉर्मन ह्यांच्या नावाच्या नील्सन नॉर्मन ग्रुप ह्या संस्थेने २०१७ मध्ये ७१ जणांवर एक प्रयोग केला. संकेतस्थळांच्या त्याच पानांचे दोन नमुने, एकात टिचकी मारायच्या जागा ठळक, दुसऱ्यात सपाट किंवा फिकट. फिकट पानांवर लोकांना सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला. बारीकसारीक वाटतंय? तीन तासांच्या पेपरला कुणी चाळीस मिनिटं उगाच वाढवून लावली तर तुम्ही पालक मंडळी शाळेवर मोर्चा आणाल!

आणि गंमत अशी, की ह्या कंपन्या दरवेळी मागे फिरतात, पण चूक झाली असं म्हणत नाहीत. विंडोजमध्ये स्टार्टचं बटण ऑक्टोबर २०१३ मध्ये परत आलं आणि संपूर्ण यादी २०१५ च्या विंडोज १० मध्ये. ॲपलने मार्च २०१४ मध्ये बटणांना आकार दाखवायची सोय दिली, पण कुठे? तर अपंगांसाठीच्या सोयींच्या यादीत. म्हणजे बटण बटणासारखं दिसावं ही इच्छा हे अपंगत्व! २०२१ च्या विंडोज ११ मध्ये फाइल कापणं, उतरवणं, चिकटवणं ह्यासाठी उजव्या टिचकीच्या यादीत जे शब्द होते ते काढून नुसती चिमुकली चित्रं ठेवली. २०२४ मध्ये त्या चित्रांखाली शब्द पुन्हा आले. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने पडदा काचेसारखा आरपार केला, आणि दोन महिन्यांच्या आत काच थोडी गढूळ करायचा पर्याय द्यावा लागला. मधल्या काळात कोट्यवधी लोक चाचपडले, त्याचं काय? त्यांना सगळ्यांनी सांगितलं, "तुम्हाला जमत नाही."

मराठी वाचणाऱ्यांना ह्याचा भुर्दंड जास्त बसतो, हे मराठीची शिक्षिका म्हणून मला सांगितलंच पाहिजे. रोमन अक्षरांच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडे डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. बारीक रेषेच्या फिकट अक्षरात पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा, आणि 'चिंता'ची 'चिता' होते. अक्षर आणि त्यामागचा रंग ह्यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ असं प्रमाण असावं, हा जागतिक दंडक २००८ पासून लिहिलेला आहे. मग राखाडीवर राखाडी लिहिण्याची हौस कुणाची?

आता ह्यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याची पत्नी राहते. कुटुंबनिवृत्तिवेतनावर घर चालतं. सातवी शिकलेली, हुशार बाई. मुलाने मुंबईहून फोन पाठवला आणि बँकेचं ॲप शिकवलं. तिने ते वहीत लिहून ठेवलं होतं: 'हिरवं बटण, मग शिल्लक, मग परत बाण.' दोन वर्षं ती स्वतः शिल्लक बघत होती, विजेचं बिल भरत होती. एका रात्रीत ॲपने कात टाकली. हिरवं बटण गेलं, नावं गेली, खाली चार करड्या रेघोट्यांची चित्रं आली. वही निकामी झाली. आता ती बाजाराच्या दिवशी जीप पकडून खाली येते, दुकानातल्या पोराच्या हातात फोन देते आणि चारचौघांत आपला पिन मोठ्याने सांगते.

बँक रोज संदेश पाठवते की पिन कुणालाही सांगू नका. आणि तीच बँक असा पडदा बनवते की सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मुलगा म्हणतो, "आईला विसर पडायला लागला." तिला काहीही विसर पडलेला नाही! तिला जे पाठ होतं ते जागेवरून उचलून नेलं. स्वतःचे पैसे स्वतः मोजायचा तिचा मान गेला, आणि तो कुणा चोराने नाही, एका सुंदर दिसणाऱ्या पडद्याने नेला. माझा राग आहे तो ह्याचा.

गोष्टी टिकवता येत नाहीत असंही नाही. इनस्क्रिप्ट कळफलक बघा. भारतीय मानक ब्यूरोने तो १९९१ मध्ये प्रमाण केला: स्वर डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. त्यानंतर किती विंडोज आल्या आणि गेल्या, पण 'क' जिथे होता तिथेच आहे. शिकलेलं वाया गेलं नाही. तलाठ्याचा सातबारा घ्या. गावनमुना सात आणि गावनमुना बारा ह्यांवरून पडलेलं ते नाव. कुठे काय असतं हे शेतकऱ्याच्या घरात आजोबांपासून ठाऊक असतं. लाखो लोकांनी अंगवळणी पाडलेली मांडणी ही सार्वजनिक मालमत्ता असते. ती बदलायचा हक्क आहे म्हणून ती रातोरात उखडायची नसते.

आणि हा मेहेरबानीचा मामलाही आता राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या केवायसीचं होतं, पण दार सगळ्यांसाठीच उघडलं आहे. ज्या महाडात सार्वजनिक तळ्याचं पाणी सगळ्यांना मिळावं म्हणून १९२७ मध्ये माणसांना सत्याग्रह करावा लागला, तिथे राहून मी निदान एवढं तरी जाणते, की एखादी सोय 'सर्वांसाठी' आहे असा ठराव होणं वेगळं आणि ती सर्वांच्या हाताला लागणं वेगळं. त्या अन्यायाची आणि ह्या गैरसोयीची बरोबरी मी करत नाही, करूही नये. पण ठरावावर समाधान मानू नये, हा धडा तिथलाच.

तेव्हा भाचे-पुतण्यांनो, तुमच्या कचेरीत पुढची बैठक होईल तेव्हा एका म्हातारीचा निरोप म्हणून एवढं सांगा. एक, दाबायची वस्तू दाबण्यासारखी दिसू द्या, कड द्या, सावली द्या, काहीही द्या. दोन, चित्राखाली शब्द लिहा, आणि तो ठसठशीत लिहा. तीन, नवीन मांडणी आणाल तेव्हा जुनी निदान दोन-तीन वर्षं शेजारी राहू द्या. नया पैसा सात वर्षं 'नया' राहिला, देश बुडाला नाही. आणि चौथं, नवीन पडदा पंचविशीतल्या मित्राला दाखवून वाहवा घेण्याआधी तुमच्या आजीच्या हातात द्या. शिकवू नका, बोलू नका. तिचं बोट कुठे अडतं ते बघा. जिथे अडेल, तिथे दुरुस्ती तुमच्या पडद्याला हवी आहे, आजीला नाही.

असो. मूषक ठेवते. तो तरी अजून उंदरासारखा दिसतो!