काचबिंदूचे ऑपरेशन झाले. पुढचे बारा आठवडे कोण सांभाळणार?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच 1.5 लाखांवरून 5 लाख रुपये करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या सर्वांना आयुष्मान भारतचा लाभ खुला झाला. त्यामुळे ऑपरेशनच्या खर्चाचा भार हलका होऊ शकतो. पण काचबिंदूमध्ये खरी परीक्षा ऑपरेशननंतर सुरू होते.

जखम भरणे इथे का नको?

ट्रॅबेक्युलेक्टॉमी या ऑपरेशनमध्ये डोळ्यातील पाणी बाहेर पडण्यासाठी नवी वाट केली जाते. वरच्या पापणीखाली त्याचा छोटा फुगवटा दिसतो, त्याला ब्लेब म्हणतात. शरीराला मात्र ही वाट जखमच वाटते आणि ते ती भरू लागते. तिथे व्रण धरला की वाट बुजते आणि डोळ्याचा दाब पुन्हा वाढतो. मोतीबिंदू काढल्यावर नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. म्हणून उरलेली जपायची.

व्रण कसा रोखतात?

ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन-सी हे औषध काही मिनिटे लावून धुऊन काढतात. नंतर स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला वारंवार आणि पुढे हळूहळू कमी करत दोन-तीन महिने चालतात. गरज पडल्यास लेझरने टाका सैल करतात किंवा सुईने व्रण मोकळा करतात. हे वेळेत झाले तरच उपयोगी पडते. पूर्वी डोळ्याचे ऑपरेशन झालेले, वर्षानुवर्षे थेंब घातलेले आणि तरुण रुग्ण यांच्यात व्रणाचा धोका जास्त असतो.

अडते कुठे?

किनवट, माहूर, देगलूरहून नांदेडला किंवा निलंगा, उदगीरहून लातूरला तपासणीला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि सोबत घरचे माणूस. पेरणी किंवा सोयाबीनची काढणी आली की 'डोळा दुखत नाही, पुढच्या महिन्यात जाऊ' असे होते. पण दाब वाढला तरी बहुतेकदा दुखत नाही.

तुम्ही काय करावे?

- आयुष्मान भारतच्या उपचारयादीत या ऑपरेशनसोबत 12 आठवड्यांची औषधेही धरली आहेत. तुमच्या योजनेत ती मिळतात का, हे भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारा.
- पहिल्या तीन महिन्यांच्या तारखा लिहून घ्या. शक्य असल्यास ऑपरेशन पेरणी-काढणी टाळून ठरवा. डॉक्टरांनी थांबू नका म्हटले, तर थांबू नका.
- थेंब मनाने बंद करू नका आणि मनाने लांबवूही नका. स्टेरॉइडमुळेही दाब वाढू शकतो.
- डोळा चोळू नका. डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय मसाज करू नका.
- डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे आली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऑपरेशनला कितीही वर्षे झाली असली तरी हेच करा.

घरात कोणाचे हे ऑपरेशन ठरले असेल, तर सोबत कोण जाणार हे आजच ठरवा.