उक्त्या कामाच्या पुढचं पाऊल

न्हावऱ्याच्या पट्ट्यात आज बांधकामाला कामाची टंचाई नाही. शिरूरहून न्हावऱ्यावरून निघून भीमा ओलांडत केडगाव-चौफुल्याला जाणारा रस्ता पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या दोन महामार्गांना जोडतो. एका अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला दौंड तालुक्यातली कुरकुंभची. उसाच्या पैशावर उभे राहिलेले बंगले पूर्वीपासून होतेच. आता त्यांत रस्त्याकडेचे गाळे, कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या आणि घरकुलं यांची भर पडली आहे. तरीही मोठी शेड किंवा रस्ता निघाला की मुख्य कंत्राट बाहेरच्याला जातं आणि वीस वर्षं घरं बांधणारा आपला मिस्त्री तिथे माणसं पुरवायला उरतो. असं का होतं, याचं उत्तर आपण सगळ्यांनी शोधायला हवं.

आमच्या मते हुन्नर कमी पडत नाही, लिखापढी कमी पडते. आपल्याकडचं बहुतेक घरकाम उक्तं ठरतं: चौरस फुटाला इतके रुपये, मजुरी फक्त, माल मालकाचा. बोलणी ओट्यावर बसून होतात. उचल घेतली की पाया खणायला सुरुवात. मग जिन्याची टोपी, पाण्याची टाकी, पॅरापेट, कंपाउंडची भिंत हे मोजमापात धरायचं की नाही, यावरून शेवटच्या हप्त्याला वाद होतो. मालक म्हणतो सगळं ठरलं होतं, ठेकेदार म्हणतो जादा काम झालं. दोघेही खरं बोलत असतात, कारण कुणीच काही लिहिलेलं नसतं. एका पानाचं अंदाजपत्रक आधी दिलं, त्यात कशाचं मोजमाप कसं धरणार, हप्ता कोणत्या टप्प्याला मिळणार आणि मालाचे दर कोणत्या तारखेचे, एवढं लिहिलं, तर यातली बहुतेक भांडणं होणारच नाहीत. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; मालासह काम घेणाऱ्याच्या कागदावर दराची तारीख नसेल, तर अशा बदलाचा फायदा-तोटा कुणाचा, हे कशावरून ठरवणार?

लेखी शिस्तीचा संबंध फक्त पैशाशी नाही. नऊशे चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. बीम सोडून साडेदहा घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं आणि १:१.५:३ या प्रमाणाने सुमारे ८४ गोण्या सिमेंट. ०.५५ हे पाणी-सिमेंटचं गुणोत्तर धरलं, तर ५० किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर पाणी पुरे, आणि वाळूतला ओलावाही त्यातच धरायचा. पण माल ‘पळावा’ म्हणून मिक्सरवाला गोणीमागे पाच लिटरचा एक डबा जादा ओततो. दिवसाअखेर चारशे लिटरहून जास्त पाणी फुकट आत गेलेलं असतं आणि गुणोत्तर ०.६५ वर. त्या स्लॅबची ताकद घटते, पुढे तो ठिबकतो आणि नाव ठेकेदाराचं जातं. मिक्सरपाशी खुणेचा डबा ठेवा, एका माणसाला नोंद करायला बसवा, बाजूला क्यूब भरून ठेवा. पाणी मारल्याच्या तारखाही लिहा. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस पाणी लागतं. फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा, आणि आपल्याकडे आज बहुतेक गोण्या याच प्रकारच्या असतात.

वाळूचंही तेच. भीमा आणि घोड या नद्यांनी या भागाला कितीतरी वर्षं वाळू पुरवली आणि बेसुमार उपशाने त्यांच्या पात्रांची काय दशा झाली, ते आपण रोज पाहतो. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं; पुढची वाट क्रश सँडचीच आहे. ती स्वीकारताना क्रशरची डस्ट आणि नीट आकार देऊन चाळलेली, धुतलेली वाळू यांत फरक करायला शिकलं पाहिजे. आयएस ३८३ मध्ये दगडापासून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी पंधरा टक्क्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त भुकटी म्हणजे जास्त पाणी आणि पुढे भेगा. गाडी रिकामी करण्याआधी चाचणीचा कागद मागणं हा ठेकेदाराचा हक्क आहे. कालव्याखालच्या काळ्या जमिनीत पाया घेताना मुरूम किती फुटांवर लागला, याची नोंदही वहीत हवी; शेजारचं घर बांधताना ती उपयोगी पडते.

करिअरचा विचार करणाऱ्या तरुणांनाही आम्ही हेच सांगू. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलाने पुण्यात बारा तास सुपरवायझरी करण्याइतकाच चांगला पर्याय गावात आहे: तीन-चार ठेकेदारांची अंदाजपत्रकं, मोजमापं आणि बिलं सांभाळणं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लहान कामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ठरावीक वाटा ठेवण्याची पद्धत आहे; अभियंत्यांनी नोंदणी करून तो स्वतः काम करून मिळवावा, नाव भाड्याने देऊन नव्हे. गवंड्यांसाठी घरकुल योजनेत प्रत्यक्ष घर बांधत शिकण्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत गवंडी आहे: अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंतचं कर्ज पाच टक्के व्याजाने. मिक्सर किंवा सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने आणणाऱ्याला त्या स्वतःच्या करायला एवढं भांडवल मोठा आधार देतं.

आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं, त्या कामगारांचं काय? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असेल तर मुलांना शिष्यवृत्ती मिळते आणि कामावर अपघाती मृत्यू आला तर वारसांना पाच लाख रुपये. दाखला दिला तर आपण कशात अडकू, अशी भीती काही ठेकेदारांच्या मनात असते. ती सोडून द्या. परांचीवर चढणाऱ्या माणसाची हजेरी लिहिणं आणि त्याच्या हाती दाखला देणं ही ठेकेदाराची पहिली जबाबदारी आहे, आणि असा ठेकेदार चांगल्या कारागिरांना सोडवत नाही.

बँक कर्ज देताना दोन-तीन वर्षांचा हिशेब पाहते, कंपनी काम देताना आधीच्या कामाची बिलं आणि पूर्णत्वाचे दाखले मागते. हे कागद ऐन वेळी तयार होत नाहीत. म्हणून दसऱ्यानंतर कामांचा हंगाम सुरू होईल, तेव्हा पहिल्याच घरापासून तीन वह्या ठेवा: मोजमापाची, मालाच्या चाचणीची आणि हजेरीची. चार हंगाम त्या नीट भरल्या, तर रांजणगावच्या शेडच्या निविदेत न्हावऱ्याच्या ठेकेदाराला स्वतःच्या नावाने उतरता येईल.