शत्रूचे पिस्तूल आणि आपला शिपाई

दुसऱ्या महायुद्धातून आठवण म्हणून घरी आणलेली जर्मन पिस्तुले जमविणे हे इतिहासाचेच जतन होय, असा युक्तिवाद रायपुरातील आमच्या मराठी मंडळींच्या बैठकींत अलीकडे ऐकू येतो. संग्रह अर्थातच परदेशस्थांचे. आमची मंडळी त्यांची चित्रे पाहून हळहळतात आणि आपल्याकडील कायदा रसिकतेचा वैरी असल्याचा निर्वाळा देतात. हे आम्हांस मान्य नाही.

वस्तू देखणी आहे, यात वाद नाही. जर्मन लष्कराने १९०८ साली स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाचा वरचा सांधा गोळी सुटताच गुडघ्यासारखा दुमडून वर उचलला जातो. ती रचना पाहत राहावी अशीच. कारखाना कोणता हे शत्रूस कळू नये म्हणून त्यावर सांकेतिक खुणा ठोकीत. ओबेर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याची खूण काही काळ ‘बीवायएफ’ अशी होती. संग्राहकाचा जीव या अक्षरांत, गरुडाच्या शिक्क्यात आणि सुट्या भागांवरील क्रमांक परस्परांशी जुळतात की नाही यात अडकलेला. तरीही, अमेरिकन शिपायाला ते हत्यार मायदेशी नेण्याची मुभा देणारा लष्करी कागद सोबत असेल, तर त्याच पिस्तुलाला अधिक किंमत येते. कारण कागदावर माणसाचे नाव असते. बाजाराला जे कळते ते आमच्या रसिकांना कळू नये! (आम्ही पडलो सरकारी कारकून, कागदाची बाजू घेणारच.)

आता आपला माणूस पाहा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या हाताखालचे सर्व जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि काडतुसे पुन्हा भरण्यास उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्याने लोळविले. मग ते स्वतः शत्रूच्या गोळीस बळी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. अशा एखाद्या मोर्च्यावरून उचललेले पिस्तूल आज काचेच्या पेटीत असेल, तर त्याखाली कारखान्याचे नाव असेल, साल असेल. मोर्चा कोणी घेतला, हे असेल काय?

राहता राहिला कायदा. ९ मिलिमीटर लुगरसारखे पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध आहे, ते योग्यच आहे. ग्वाल्हेरीत मिळविलेल्या एका इटालियन बेरेटाने ३० जानेवारी १९४८ रोजी काय केले, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसास कोणी सांगावयास नको. आजोबांच्या ट्रंकेत असे काही निघालेच, तर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावे. ठाण्याच्या वहीत ‘विदेशी पिस्तूल, एक’ एवढीच नोंद होईल. म्हणून त्याच रात्री, घरातली वडीलधारी माणसे जागी आहेत तोवर, ते कोणी आणले, कोठून आणले, पलटण कोणती, हे लिहून काढावे.

आणि पिस्तुलांच्याच इतिहासाची हौस असेल, तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. त्याच महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, या रायपुरात परसराम सोनी, गिरिलाल प्रभृती क्रांतिकारकांवर चोरून शस्त्रे तयार केल्यावरून कटाचा खटला झाला. ओबेर्नडॉर्फच्या खुणा वर्षवार तोंडपाठ म्हणून दाखविणाऱ्यांपैकी किती जणांस ही नावे सांगता येतील?

ज्यांच्या घरी पलटणीतून आलेली पत्रे, पेन्शनचे कागद वा एखादे पदक असेल, त्यांनी आम्हांस बोलवावे. कचेरी सुटल्यावर आम्ही मोकळेच असतो. बसून नकलून घेऊ.