शंभर शब्दांचा नेम

शब्दमर्यादा घातली की प्रतिभेचा गळा आवळला जातो, असा आक्षेप आमच्या मित्रमंडळींत वारंवार ऐकू येतो. रोज मराठीत लिहावे आणि शंभरापुढे एकही शब्द लिहू नये, हा नेम आम्ही सुचविला तेव्हाही तो आलाच. आम्हांला तो मुळीच मान्य नाही.

आपण राहतो त्या भूमीचाच दाखला घ्या. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनी रचलेली कन्नड वचने बहुतेक मोजक्या ओळींची आहेत. मोठ्या अभंगाच्या एका चौकात सहा, सहा, सहा आणि चार अशी अवघी बावीस अक्षरे. तुकोबांना ती अपुरी पडली नाहीत. समर्थांनीही रोज काहीतरी लिहीत जावे, असे सांगितले. २०१३ साली बंद झालेल्या तारेत शब्दागणिक पैसे पडत. तरी जन्ममृत्यूची वार्ता दहा-बारा शब्दांत पुरी होत असे.

मर्यादा नसली की काय होते, हे आम्ही अनुभवले आहे. उभी नोकरी कन्नड व इंग्रजी टिपणे लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर मराठीत आत्मचरित्र आरंभिले. चाळीस पाने झाली तरी आजोबांपाशीच घोटाळत होतो. वही कपाटात गेली. आता रात्री जेवणानंतर शंभर शब्द लिहितो. प्रथम दीडशे होतात. पन्नास खोडताना त्यांतील बहुतेक विशेषणे फुकाची होती, हे कळते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोनशे लिहीत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. कन्नड येथील राज्यव्यवहाराची भाषा झाली, हे रास्तच. आमचे भांडण स्वतःशी आहे. आपल्या घरांत मराठी बोलली जाते, पण किराण्याची यादीही तिच्यात होत नाही. नातवंडांना हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. मराठीत चार वाक्ये लिही म्हटले की ती थबकतात. लिहिली न जाणारी भाषा चुलीपुरती उरते.

विषय नाही, ही सबब नको. तुरीचा भाव आहे, कारंजा धरणाचे पाणी आहे, शेजाऱ्याशी झालेली कन्नडमिश्रित बोलाचाली आहे. चारशे पानांचा ग्रंथ आपल्याला झेपत नाही. शंभर शब्द नातवालाही झेपतात. तेव्हा आज रात्रीच वही काढावी. एकशे एकावा शब्द उद्यासाठी ठेवावा.