आधी पन्हळी, मग नवी इमारत

आपल्याकडे कुठल्याही संस्थेची प्रगती मोजायची एक सोपी रीत आहे. नारळ किती फुटले ते मोजायचं! नवी इमारत, नवा मजला, नवी विंग. जुन्या छपरावरचा पालापाचोळा वेळच्या वेळी काढला म्हणून कुणी नारळ फोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आमच्या घरातल्या जुन्या मंडळींच्या लेखी ते अजूनही 'राणीच्या बागेतलं म्युझियम'. या संग्रहालयाला जोडून नवी भव्य विंग बांधायची म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. मोठमोठे वास्तुविशारद त्यात उतरले आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. सुमारे सव्वा लाख चौरस फुटांची पांढरी इमारत, वरून कोरल्यासारखा आत उतरणारा उजेड, पाण्याचं तळं... चित्रं खरंच देखणी होती. पण ती चित्रंच राहिली. दहा वर्षं उलटून गेली तरी इमारतीचा पत्ता नाही.

आता विषय निघाला की लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "बघा, आपल्याकडे काही होतच नाही, परदेशात असतं तर एव्हाना उभी राहिली असती." दुसरा म्हणतो, "बरं झालं! रस्त्यांवरचे खड्डे बुजवा आधी, म्युझियमं कसली बांधताय?" मला दोन्ही पटत नाहीत.

आधी दुसऱ्याचं. मुळात हे संग्रहालय मुंबईकरांच्या वर्गणीतून सुरू झालं. नाना शंकरशेट आणि गोव्यातल्या मांद्र्याहून आलेले भाऊ दाजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी पैसे उभे केले. पायाभरणी १८६२ ची. १८६५ मध्ये कापसाच्या तेजीचा फुगा फुटला, वर्गणी आटली, शेवटी सरकारला काम हाती घ्यावं लागलं आणि १८७२ मध्ये दारं उघडली. त्या काळी शहरात खड्डे नव्हते, रोगराई नव्हती असं थोडंच आहे? भाऊ दाजी स्वतः डॉक्टर होते, महारोगावर औषध शोधत होते. तरीही त्यांना संग्रहालय हवं होतं. दवाखाना की म्युझियम, असा सवाल त्यांना पडला नाही. आपल्यालाच का पडावा? तेही देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या शहरात राहून?

आता पहिल्याचं. 'काही होतच नाही' हे साफ खोटं आहे. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला आणि मोडकळीला आलेली ही वास्तू अक्षरशः पुन्हा उभी केली. ओतीव लोखंडाचे खांब, रंगीत फरशा, छतावरची नक्षी, सोन्याचा वर्ख, सगळं. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकमधला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं. झालं की नाही?

आणि मग काय झालं? तेच संग्रहालय पुन्हा दुरुस्तीसाठी बराच काळ बंद ठेवावं लागलं. २०२५ च्या जानेवारीत ते परत उघडलं. माझं सगळं भांडण इथे आहे.

मुंबईचा पाऊस चार महिने पडतो, समुद्राचा खारा वारा बाराही महिने वाहतो. छपराची पन्हळ एकदा तुंबली की पाणी भिंतीत मुरतं, लोणा धरतो, गिलावा फुगतो, मग पोपडे. आतल्या कपाटात मातीच्या बाहुल्या, जुने नकाशे, फोटो. त्यांना ओल म्हणजे विषच. पन्हळ साफ करायला एक शिडी आणि दोन माणसं लागतात, ती वेळेवर आली पाहिजेत इतकंच. वेळेवर नाही आली तर काही वर्षांनी मोठं टेंडर निघतं, दाराला कुलूप लागतं आणि पुन्हा उद्घाटन. म्हणजे पुन्हा नारळ!

मी नव्या विंगच्या विरोधात नाही बरं का. १८७२ ची इमारत लहान आहे, हे तिथे एकदा गेलेल्या कुणालाही कळतं. मोठं प्रदर्शन भरवायचं म्हटलं तर जागा नाही. विंग हवी, जरूर हवी. पण माझी अट आहे. आधी जुन्या इमारतीच्या देखभालीचा दरवर्षीचा ठरलेला पैसा बाजूला काढा, कुठल्याही सरकारला हात लावता येणार नाही असा. दर मे महिन्यात छप्पर तपासलं की नाही, हे फलक लावून लोकांना सांगा. वस्तू ठेवायची कोरडी, नीट खोली आणि त्या सांभाळणारी शिकलेली, कायम नोकरीतली माणसं आधी नेमा. मग खुशाल जगभरचे वास्तुविशारद बोलवा. जो घरातली दीडशे वर्षांची वास्तू कोरडी ठेवू शकत नाही, त्याने सव्वा लाख चौरस फुटांचं नवं छप्पर मागूच नये.

संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये जोडले गेले. त्याच्याकडे बघताना दर वेळी वाटतं, आपल्याला जोडता उत्तम येतं. मोडू न देणं तेवढं शिकायचं राहिलंय.

असो. पुढच्या वेळी कुणी पाहुणे मुंबईला आले तर त्यांना नुसतं पेंग्विन दाखवून परत आणू नका. तिकीट काढून म्युझियममध्येही न्या. आणि आत गेल्यावर जरा मान वर करून छताकडेही बघा. जाणारे लोक बघत राहिले, तरच कुणीतरी शिडी आणेल.