दिवा आधी कोणी खाली करायचा?

भालकीहून बसवकल्याणकडे किंवा आळंदहून उमरग्याकडे रात्री गाडी नेणाऱ्यास एक अनुभव ठरलेला आहे. समोरचा चालक दिव्यांचा प्रखर झोत खाली करीत नाही. आपण डिपर देऊन सुचवावे, तरी तो ढिम्म. मग आपणही चिडून झोत वर करतो आणि दोन आंधळे एकमेकांना घासून निघून जातात. हे केवळ अडाणी लोक करतात असे नव्हे. आपल्यातले प्राध्यापक, वकील, अधिकारीही करतात आणि विचारल्यास म्हणतात, ‘समोरचा करीत नाही, मग मीच का करावे?’

हा युक्तिवाद मला सर्वस्वी अमान्य आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर धावते. 3 सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली की 50 मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो. ऊसगाळपाच्या हंगामात त्या 50 मीटरांत मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असू शकते, शेतावरून परतणारी मजूर बाई असू शकते. माझ्या रागाची किंमत तिने का मोजावी?

‘कायदा कडक करा’ हा दुसरा सूर. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायदा कडक झालाच आहे. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास त्यात 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे. सरकारी सेवेत हयात घालविलेला मी कायद्याला कमी लेखणार नाही. परंतु मध्यरात्री माळरानावर पोलीस नसतो. तेथे माणूस स्वतःच स्वतःचा साक्षीदार असतो. तेथे तो जे करतो, तेच त्याचे शील. आज दिवा न झुकविणारा उद्या रांगेत पुढे घुसतो, कचेरीत आलेल्या शेतकऱ्याला ताटकळत ठेवतो. सवय एका जागी थांबत नाही.

आपला हा सीमाभाग. आपल्या भाषेचा मान राखला जावा, अशी मागणी आपण ठरावांतून करतो आणि ती योग्यच आहे. पण अंधारातून येणारा मराठी बोलणारा, कन्नड की उर्दू, हे काचेआडून कळत नाही. झुकलेला दिवा मात्र तिन्ही भाषांत कळतो. ज्या कल्याणात 12 व्या शतकात बसवेश्वरांनी आचरणाला धर्माचे मोल दिले, तेथल्या रस्त्यावर तरी ‘आधी त्याने करावे’ ही भाषा शोभत नाही.

दिवा आधी मी खाली करावा. समोरच्याने केला नाही, तरी पुढच्या वळणावर पुन्हा करावा.