मागच्या चाकाच्या आत



सुरतेच्या बाजारांतून कापडाच्या गाठी घेऊन खानदेशाकडे निघालेल्या ट्रकास सोनगड, नवापूर ओलांडल्यावर कोंडाईबारीचा घाट लागतो. लिंबायत-उधन्यास स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांस ही वाट चांगली परिचित आहे. या वाटेवर एके काळी जमशेदपुरास १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने तयार झालेले टाटा-मर्सिडीज आणि कुर्ल्याचे डॉज व फार्गो धावत. त्यांतला एखादा आजोबांची आठवण म्हणून कोणाच्या अंगणात अजून उभा असतो व तो पुन्हा चालता करावा, असे नातवांस वाटते. हेतू स्तुत्य आहे. परंतु आधी इंजिन व रंग यांवर पैसा खर्च होतो आणि मागच्या चाकाच्या आत डोकावण्यास कोणास सवड नसते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

ब्रेकचे काम गतीची उष्णता करणे हे होय. नऊ टनांचा ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगात असता एकदा थांबविला, तर निघणारी उष्णता सुमारे चार लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. घाट उतरताना ब्रेक सतत दाबला की ही उष्णता बिडाच्या ड्रममध्ये साठत जाते. ४०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापल्यास त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून अधिक वाढतो. ड्रम असा लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकडही तापून मंदावते आणि पेडल खोल जाऊ लागते. आधीच झिजून पातळ झालेला ड्रम अधिक लवकर तापतो, हे निराळे सांगावयास नको.

चाक खोलण्यापूर्वी एक धोका जाणून घ्यावा. अशा बहुतेक ट्रकांत भार हबवर असतो व अ‍ॅक्सलचा शाफ्ट केवळ चाक फिरवितो. म्हणून हब काढण्याआधी शाफ्ट ओढून घ्यावा लागतो. कित्येक जुन्या गाड्यांचा हातब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो. एका बाजूचा शाफ्ट निघताच तो हातब्रेक व घातलेला गिअर दोन्ही निरुपयोगी होतात आणि गाडी घरंगळू शकते. यास्तव जमीन सपाट असावी, पुढील चाकांस दोन्हीकडून ठोकळे लावावेत व अ‍ॅक्सलखाली भक्कम घोडी द्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणासही खाली जाऊ देऊ नये. डॉजसारख्या काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. तेथे बळ करण्याआधी आटे पाहावेत.

ड्रम अडकला तर हातोडा मारू नये, बीड तडकते. आधी ब्रेकची जुळवणी सैल करावी. ड्रम निघाल्यावर आतील चरे, निळे डाग व भेगा पाहाव्यात. ड्रम सुटा टांगून हलकेच ठोकला असता तो चर्चच्या घंटेसारखा खणखणला पाहिजे. बद्द आवाज आल्यास भेगेचा संशय घ्यावा. आरपार भेग असलेला ड्रम सांधू नये, टाकून द्यावा. चरे असल्यास लेथवर कातून घेता येतात, परंतु निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एकीकडे ओढते.

लायनर तेलकट दिसल्यास केवळ नवे बसवून काम संपत नाही. तेल आले कोठून, याचा शोध घ्यावा. बहुधा हबचे ऑइल सील गेलेले असते, कधी बेअरिंग सैल असते, तर कधी अ‍ॅक्सलवरील हवेचे छिद्र चिखलाने बुजून आतील दाबाने तेल बाहेर पडते. मूळ दोष राहिला तर नवे लायनरही भिजतात. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा घालू नयेत. तापताच मुरलेले तेल वर येते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाली. अशा पुरात हबपर्यंत पाणी चढलेल्या गाडीचे बेअरिंग धुऊन, गंज पाहून, नवे ग्रीस भरल्यावाचून तिला रस्त्यावर आणू नये.

शेवटची सूचना घरच्या मुलांसाठी आहे. जुन्या लायनरांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. गॅरेजमध्ये हवेच्या नळीने ड्रम फुंकण्याचे काम बहुधा सर्वांत लहान पोराकडे येते. हे थांबविले पाहिजे. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

काम झाल्यावर रिकामी गाडी मोकळ्या जागी सावकाश चालवून पाहावी. थोडे अंतर गेल्यावर दोन्ही हबांची उष्णता पडताळावी. एक फारच तापला तर बेअरिंग आवळले गेले आहे किंवा ब्रेक घासतो आहे, असे समजावे. ही परीक्षा उतरल्यावरच गाडीत माल भरावा, आणि त्यानंतरच घराच्या माणसांस गाडीत बसवावे. आजोबांची आठवण आणखी एक महिना अंगणात उभी राहिली, तरी कोणाचे काही बिघडत नाही.